मॅरेथॉनआधीचे सात दिवस: काळजीला काम लावा

शेवटच्या आठवड्यात तंदुरुस्ती वाढत नाही. कष्टाच्या सरावाचा फायदा शरीरात उतरायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, म्हणून आत्ता उरकलेला लाँग रन शर्यतीच्या दिवशी फक्त थकवा घेऊन येतो. हे कळतं सगळ्यांनाच, वळत नाही. तीन-चार महिने रोज काहीतरी करायची सवय लागलेली असते आणि टेपर (शर्यतीआधी सराव कमी करण्याचा काळ) सुरू झाला की हात एकदम रिकामे होतात. मग मन हवामान, गुडघा, पोट, घड्याळ असं एकेक उकरत बसतं. ही धडधड दाबायच्या भानगडीत पडू नका. नीट पाहिलं तर बहुतेक काळज्यांच्या मुळाशी अजून न घेतलेला एखादा निर्णय असतो. तो आत्ताच घेऊन टाकायचा.

कागद घ्या आणि दोन रकाने करा

फोनवर नको, कागदावरच. डावीकडे जे जे मनात येतं ते लिहा. उजवीकडे प्रत्येकासमोर ‘असं झालं तर मी असं करीन’ एवढं एकच वाक्य. ते इतकं नेमकं हवं की ३२व्या किलोमीटरला, डोकं चालेनासं झाल्यावरही पाळता येईल.

- उकाडा जास्त असला तर पहिल्या किलोमीटरपासूनच पेस (एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेत मोजलेला वेग) किलोमीटरमागे १५ ते २० सेकंदांनी सैल करीन.
- बुटाची नाडी सुटली तर थांबून, डबल गाठ मारून पुढे जाईन. गेलेले सेकंद लगेच भरून काढणार नाही.
- पोटात मुरडा आला तर पुढचं जेल (पळताना घ्यायचं साखरेचं छोटं पाकीट) १० मिनिटं लांबवीन, पेस उतरवीन आणि फक्त पाण्याचे घोट घेईन.
- पेसर (ठरलेल्या वेळेच्या वेगाने पळणारा वाटाड्या) पुढे निघून गेला तर मागे धावणार नाही, माझा कागद माझ्या हातात आहे.

ज्या काळजीसमोर काहीच लिहिता येत नाही ती तुमच्या हातातली नाही. तिच्यावर काट मारा. हवामानाचा अंदाज हे त्याचं ठळक उदाहरण. सात दिवस आधीचा अंदाज पुढे बराच बदलतो, त्यामुळे शेवटच्या तीन दिवसांत दिवसातून एकदा पाहिला तरी पुरे.

याच कागदावर तीन लक्ष्यं लिहा: सगळं जुळून आलं तर कोणती वेळ, दिवस साधारण गेला तर कोणती, आणि वाईट गेला तर काय. एकच लक्ष्य असलं की ते निसटताच शर्यत मनातून संपते, आणि हे बहुतेक वेळा ३०व्या किलोमीटरच्या आसपास घडतं.

अचानक उगवणारी दुखणी

टेपरमध्ये पोटरी ओढते, घोट्यात टोचतं, घसा खवखवल्यासारखा वाटतो. यातलं बरंच आधीही होतं, फक्त थकव्याखाली झाकलेलं होतं. शिवाय आता सगळं लक्ष शरीराकडेच लागलेलं असतं. तरी प्रत्येक दुखणं मनाचा खेळ म्हणून सोडून देणं आम्हाला धोक्याचं वाटतं. म्हणून तीन प्रश्न विचारा. दुखणं जागा बदलतं का? १० मिनिटं सावकाश पळल्यावर कमी होतं का? चाल न बदलता पळता येतं का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर पुढे चला. हाडावरच्या एकाच बिंदूवर बोट दाबल्यावर कळ येत असेल, पळताना दुखणं वाढत असेल किंवा लंगडावं लागत असेल तर डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर गेली असेल तर मॅरेथॉनमध्ये ते हाड पुरतं मोडू शकतं.

आजारपणासाठी मानेची रेघ लक्षात ठेवा. नुसतं नाक वाहणं मानेच्या वरचं. त्यात हलकं पळता येतं. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, जुलाब यांत पळू नका. तापात जोराचा व्यायाम केल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. अशा वेळी नाव मागे घेणं हाच योग्य निर्णय, तो कितीही जड गेला तरी.

पळायचं किती?

अंतर कमी करा, वेग नाही. नेहमीच्या आठवड्याच्या निम्म्याहूनही कमी किलोमीटर पुरतात. शर्यतीच्या पाच दिवस आधी ८ किलोमीटर, त्यातले मधले ३ शर्यतीच्या पेसने. तीन दिवस आधी ५ किलोमीटर सावकाश आणि शेवटी २० सेकंदांचे चार हलके वेगवान तुकडे. आदल्या दिवशी १५ मिनिटं पळा किंवा पूर्ण विश्रांती घ्या. ज्याने मन शांत राहतं ते करा. जिममधले जड व्यायाम, खोल मसाज आणि नवीन स्ट्रेचिंग या आठवड्यात बंद.

कार्ब लोडिंग: सर्वात जास्त चुका इथेच

स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेन (कार्बोहायड्रेटचा साठा) संपत आला की पाय जड होतात. धावपटू ज्याला भिंत म्हणतात ती हीच, बहुधा ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान. हा साठा भरायला आदल्या रात्रीचं एक भरगच्च जेवण पुरत नाही. शेवटचे दोन दिवस वजनाच्या प्रत्येक किलोमागे ८ ते १० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं. ६० किलो वजन असेल तर दिवसाला ४८० ते ६०० ग्रॅम. हा आकडा वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे: १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम, मध्यम केळ्यात २५, उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात २०, ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये १३ ते १५, मोठा चमचाभर मधात १७.

गफलत अशी होते की लोक नेहमीचंच जेवण दुप्पट खातात. त्याने तेल-तूप आणि प्रथिनंही दुप्पट होतात, पोट गच्च होतं, कार्बोहायड्रेट मात्र कमीच पडतं. जेवणाचा आकार तोच ठेवा, ताटात फरक करा: भात, बटाटा, ब्रेड जास्त; तळलेलं, चीज, मांस कमी. शेवटच्या दिवशी कडधान्यं, कच्च्या भाज्या आणि कोंडा टाळा, म्हणजे शर्यतीत आतडी हलकी राहतील.

काट्यावर वजन एक-दोन किलो वाढलेलं दिसेल. घाबरू नका. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं, म्हणजे लोडिंग नीट चाललं आहे. आम्ही तर म्हणू, या आठवड्यात काट्यावर उभंच राहू नका.

पाणी तहानेप्रमाणे प्या. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. ती पूर्ण रंगहीन दिसत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात. शर्यतीतही हाच नियम. पाण्याच्या प्रत्येक स्टेशनवर दोन-दोन पेले रिचवल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. डोकेदुखी, मळमळ, फुगलेली बोटं, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या शर्यतीआधी किंवा शर्यतीत घेऊ नका. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा त्या कमी करतात.

झोप

आदल्या रात्री झोप लागली नाही तरी शर्यत बिघडत नाही. त्याच्या आधीच्या तीन-चार रात्री महत्त्वाच्या, म्हणून त्या रात्रींत रोज अर्धा-पाऊण तास जास्त झोपा. आदल्या रात्री अंधारात नुसतं पडून राहिलात तरी पाय विश्रांती घेतातच. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं करा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. गजर दोन लावा, नाहीतर ‘वाजेल ना?’ या एकाच विचारात रात्र जाईल.

सामान आदल्या दुपारी

सगळं जमिनीवर मांडा: टीशर्टवर चारही कोपऱ्यांत पिन लावलेला बिब, म्हणजे शर्यतीचा नंबर (त्यावरची टायमिंग चिप दुमडू नका), शॉर्ट्स, मोजे, बूट, जेल, घड्याळ चार्ज केलेलं. बूट आणि मोजे किमान एका लाँग रनमध्ये वापरलेलेच. पायाची नखं तीन-चार दिवस आधी कापा. खोल कापली गेली तर भरून यायला वेळ मिळतो. व्हॅसलीन मांड्या, काखा, स्तनाग्रं, ब्राची कड आणि बोटांच्या बेचक्यांत.

सकाळ

सुरुवातीच्या तीन तास आधी उठा आणि लगेच खा. सरावात जे पचलं तेच. ब्रेड, मध आणि केळं बहुतेकांना चालतं. ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी प्या आणि मग थांबा. कॉफीची सवय असेल तर घ्या, नसेल तर आज सुरू करू नका. भीतीने आतडी जोरात चालतात, त्यामुळे पोहोचताच आधी शौचालयाची रांग धरा, बॅग नंतर जमा करा.

रांगेत उभं असताना छाती धडधडेल, तळहात ओले होतील. उत्साहातही शरीर हुबेहूब असंच वागतं. म्हणून ‘शांत हो’ असं स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मी तयार आहे, म्हणून धडधडतंय’ असं म्हणा. धडधडीचं नाव बदलणं ती थांबवण्यापेक्षा सोपं जातं.

पेसचं गणित आधीच करून ठेवा. चार तासांसाठी किलोमीटरला ५:४१, साडेचारसाठी ६:२४, पाचसाठी ७:०६. मात्र मनगटावरचं जीपीएस घड्याळ ४२.१९५ किलोमीटरला थांबत नाही. मोजलेल्या मार्गांचं अंतर वळणांच्या आतल्या कडेने, सर्वात जवळच्या रेषेत मोजतात, आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. गर्दीत ती रेषा धरता येत नाही, शिवाय जीपीएसची चूक वेगळीच. घड्याळात ४२.७ भरले तर चार तासांसाठी त्यावर ५:३७ दिसायला हवं.

जेल दर ३० मिनिटांनी, पहिलं अर्ध्या तासावर. चार तासांच्या शर्यतीला सात लागतात, आठवं जास्तीचं. जेलबरोबर पाणीच प्या. गोड स्पोर्ट्स ड्रिंक घेतलंत तर पोटात साखर घट्ट होते आणि मळमळतं.

पहिले ५ किलोमीटर लक्ष्यापेक्षा किलोमीटरमागे १० सेकंद हळू पळा. त्या वेळी अॅड्रेनलिनमुळे चुकीचा वेगही सोपा वाटतो, आणि जितका वेग जास्त तितका ग्लायकोजेन लवकर जळतो. पहिला किलोमीटर ३० सेकंद जलद झालाच तर ब्रेक लावू नका. पुढच्या दोन किलोमीटरमध्ये हळूहळू ठरलेल्या पेसवर या आणि कागदावरच्या आकड्यांनी पुढे चला.