जमिनीवरून हात न टेकता उठण्यासाठी

चार वर्षांपूर्वी एका सत्यनारायणाच्या पूजेत पाटावर तासभर मांडी घालून बसल्यावर आरतीसाठी उठताना मला शेजारच्या माणसाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. तेव्हा माझे वय एकावन्न होते आणि मी रोज सकाळी चाळीस मिनिटे चालत होतो. आपण रोज चालतो म्हणजे आपला व्यायाम होतो, ही माझी समजूत त्या दिवशी गळून पडली. चालण्याने दम वाढतो आणि हृदयाचे भले होते, पण बसक्या स्थितीतून सगळे शरीर वर उचलण्याचे काम मांड्या आणि नितंबांचे स्नायू करतात, आणि सपाट रस्त्यावर चालताना त्यांच्यावर तसा भार कधी येतच नाही. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि ताकद त्याहूनही वेगाने उतरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबर निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करण्यास सांगितले आहे. हा दुसरा भाग आपल्याकडे बहुतेकांच्या गावीही नसतो.

उशीर झाला आहे का, असे मनात येत असेल तर बोस्टन येथे झालेला आणि १९९० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षात ठेवावा. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम देण्यात आला आणि तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पन्नाशीच्या माणसाने वयाचे कारण पुढे करण्यात अर्थ नाही.

मात्र छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, सुजलेला गुडघा किंवा पाठीतून पायात उतरणारी कळ यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामाची वेळ आणि औषधाची मात्रा यांचा मेळ त्यांनाच विचारून घालावा.

सुरुवात आपण कुठे आहोत हे मोजून करावी. सुमारे ४३ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली, न डगमगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, दोन्ही हात छातीवर दुमडावेत आणि तीस सेकंदांत पूर्ण उभे राहून किती वेळा खाली बसता येते ते मोजावे. ६० ते ६४ वयोगटात पुरुषांचा आकडा १४ च्या आणि स्त्रियांचा १२ च्या खाली असल्यास तो सरासरीपेक्षा कमी मानतात. त्याहून तरुण माणसाला तेवढेही जमले नाही, तर काम कुठून सुरू करायचे हे वेगळे सांगायला नको. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

मुख्य व्यायामही हाच, फक्त सावकाश करायचा. पाऊले खांद्यांइतकी फाकवून, टाचा जमिनीला घट्ट चिकटवून, मनात तीन मोजत खाली बसावे आणि श्वास सोडत उठावे. खाली येताना शेवटच्या चार बोटांच्या अंतरात शरीर धपकन सोडून देण्याची आपल्याला सवय असते. नेमके तेवढ्या अंतरातच स्नायू दुबळे असतात, म्हणून तिथे वेग सर्वात कमी ठेवावा. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतील असे बाहेर ठेवावेत. एका दिवशी आठ-आठ वेळांचे तीन फेरे, मध्ये दोन मिनिटे विश्रांती, आणि आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. खुर्चीवरून जमतच नसेल तर तिच्यावर दोन घट्ट उशा ठेवून उंची वाढवावी आणि जमू लागेल तशी एकेक उशी काढावी. खुर्चीवरून बारा वेळा सहज होऊ लागले की पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरावी, मग बुटक्या स्टुलावर यावे, आणि शेवटी पाटावर.

पाटापर्यंत पोहोचताना बहुतेकांना अडवतात ते घोटे. भिंतीसमोर एक पाऊल पुढे ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहावा. अंगठा भिंतीपासून दहा सेंटीमीटरवर असताना गुडघा टेकला तर घोटा पुरेसा मोकळा आहे. टेकत नसेल तर रोज दोन्ही पायांनी पंधरा-पंधरा वेळा हीच हालचाल करावी. उकिडवे बसण्यासाठी खिडकीचे गज धरून हळूहळू खाली जावे आणि अर्धा मिनिट तिथे थांबावे. जमिनीवरून उठताना मात्र आधी एक गुडघा टेकवून दुसरे पाऊल पुढे रोवावे आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून वर यावे. पुढच्या काही आठवड्यांत हाताचा भार कमी करत न्यावा.

वरच्या अंगासाठी भिंतीला हात टेकवून जोर काढावेत, मग ओट्याच्या कडेवर, मग जमिनीवर. पाठ आणि पकड यांसाठी पाण्याने अर्धी भरलेली बादली कंबर न वाकवता खुब्यातून झुकून उचलावी आणि घरातल्या घरात वीस पावले न्यावी. सूर्यनमस्काराबद्दल मला आदरच आहे, पण कडक झालेल्या पाठीने पहिल्याच रथसप्तमीला बारा घालणारे अनेक जण पुढचा आठवडा कंबर धरून फिरतात. आखाड्यातल्या चवड्यांवरच्या बैठकाही पहिले तीन महिने बाजूलाच ठेवाव्यात.

किती रेटायचे याची खूण सोपी आहे: फेरा संपताना अजून दोनदा जमले असते असे वाटले पाहिजे. स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकणे साहजिक आहे. सांध्यात टोचणारी कळ आली किंवा सकाळी गुडघा सुजला, तर उंची किंवा वजन एक पायरी मागे न्यावे. पहिल्या महिन्यात वाढणारी ताकद बरीचशी मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामाला लावतात म्हणून वाढते, तर स्नायूंची जाडी वाढायला आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, बळकट व्हायला अधिक वेळ लागतो. उत्साहाच्या भरात वजन वाढवणाऱ्याचे गुडघे म्हणूनच कुरकुरतात.

आहारात प्रथिने मोजून घ्यावीत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेले प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सुमारे ५४ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम आणि घट्ट वरणाच्या वाटीत जवळपास तितकेच मिळते. नुसते पोहे आणि चहा अशी न्याहारी करणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा आणि उसळ, ताक, अंडी किंवा मासे यांचा वाटा वाढवावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

दर चौथ्या रविवारी पुन्हा तीस सेकंद मोजावेत आणि त्याच कॅलेंडरवर लिहावेत. गणपती, लग्नसराई किंवा तापामुळे दोन आठवडे खंड पडला, तर सोडला होता त्याच आकड्यापासून सुरुवात करू नये. फेऱ्यांची संख्या निम्मी करून आठवडाभरात पूर्वपदावर यावे.