नवी गाडी ठोकली गेली? दुरुस्तीचा निर्णय घेताना या चुका टाळा

नवी गाडी दारात येऊन दोन-चार महिने होत नाहीत तोच सिग्नलला मागून कोणीतरी धडकते किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढचा बंपर खांबावर आदळतो, आणि घरात चर्चा सुरू होते की आता या गाडीवर खर्च करण्यात अर्थ आहे का. धडक किरकोळ असेल तर याचे उत्तर जवळपास नेहमीच ‘आहे’ असे असते. बहुतेकांची फसगत होते ती बाहेरून दिसते तेवढेच नुकसान धरून चालल्यामुळे आणि विम्याचा हिशेब न मांडता क्लेम टाकल्यामुळे किंवा टाळल्यामुळे.

‘आता विकूनच टाकू’ असे ठरवणे

‘गाडीला डाग लागला’ म्हणून ती विकायला काढणे हा सर्वांत महागात पडणारा निर्णय आहे. नोंदणी झाल्याक्षणी गाडी सेकंडहँड ठरते आणि भरलेला रोड टॅक्स विक्रीत पूर्णपणे वसूल होत नाही; त्यात न दुरुस्त केलेली गाडी पाहून गिऱ्हाईक प्रत्यक्ष खर्चापेक्षा कितीतरी जास्त रक्कम कापून मागतो. विम्याच्या नियमांत गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्त करणे परवडणार नाही अशी, धरली जाते ती दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांहून अधिक झाला तरच. 10 लाख एक्स-शोरूम किमतीच्या गाडीची पहिल्या सहा महिन्यांतली आयडीव्ही साधारण साडेनऊ लाख असते, म्हणजे ही मर्यादा सात लाखांच्या पुढे जाते. बंपर, हेडलाइट आणि एखादा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांचा खर्च तिच्या आसपासही फिरकत नाही.

बंपर सरळ दिसतो म्हणून निर्धास्त राहणे

हल्लीचे बंपर लवचीक प्लास्टिकचे असतात. ते दाबले जातात आणि पुष्कळदा पुन्हा मूळ आकारात येतात, त्यामुळे बाहेर फक्त चरे दिसतात. पण आतला धातूचा बार वाकलेला, त्यामागचा एसीचा कंडेन्सर चेपलेला किंवा हेडलाइटची पकड तुटलेली असू शकते. त्यासाठी दोन्ही बाजूंना बॉनेट आणि फेंडर यांच्यामधली फट निरखून पाहावी. एका बाजूला नख जेमतेम शिरते आणि दुसऱ्या बाजूला बोटाचे टोक सहज जाते, असे आढळले तर आत काहीतरी सरकले आहे हे नक्की समजावे. गाडीखाली थेंब पडत असतील तर तेही पाहावे. स्वच्छ पाणी बहुधा एसीचे असते. गुलाबी, हिरवा किंवा निळा चिकट द्रव असेल तर तो कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) असण्याची शक्यता दाट आहे आणि अशी गाडी चालवत नेऊ नये, टो करून न्यावी. विमा पॉलिसीतच अशी अट असते की आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवल्यामुळे नुकसान वाढले तर ते सर्वस्वी मालकाच्या जोखमीवर राहील. कूलंट गळत असताना ‘वर्कशॉप दोनच किलोमीटरवर तर आहे’ म्हणून गाडी दामटली आणि इंजिन तापून बिघडले, तर तो खर्च स्वतःलाच सोसावा लागतो.

ज्या गाड्यांत आपोआप ब्रेक लावणारी किंवा लेन सांभाळणारी यंत्रणा आहे, त्यांत रडार बहुधा पुढच्या ग्रिलमध्ये किंवा बंपरमागे बसवलेले असते. ते किंचित तिरके झाले तरी समोरच्या वाहनाचा अंदाज चुकू शकतो. म्हणून बंपर बदलल्यावर या यंत्रणेचे कॅलिब्रेशन, म्हणजे तिची दिशा आणि मोजमाप पुन्हा अचूक जुळवणे, झाले का हे विचारावे आणि एस्टिमेटमध्ये त्याची स्वतंत्र नोंद मागावी. इलेक्ट्रिक गाडीला खालून मार बसला असेल तर बॅटरीची तपासणी कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करून घ्यावी.

नो क्लेम बोनसचा हिशेब न मांडणे

सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, हा ओन डॅमेज प्रीमियमवर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर) मिळतो, संपूर्ण प्रीमियमवर नव्हे, आणि तो दरवर्षी 20, 25, 35, 45, 50 टक्के असा चढत जातो. पहिल्याच वर्षी क्लेम घेतला तर पुढची पाच नूतनीकरणे 0, 20, 25, 35, 45 अशी होतात. फरकांची बेरीज केली तर ती एका वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या 50 टक्के भरते. हा प्रीमियम 12,000 रुपये कायम धरला, तरी पाच वर्षांतले नुकसान 6,000 रुपये होते. प्रत्यक्षात आयडीव्ही उतरत जाते तसा प्रीमियमही बहुधा उतरतो, त्यामुळे ते याहून कमीच भरते. म्हणून अशा गाडीचा चार हजारांचा चरा स्वखर्चाने काढावा हे योग्य, पण वीस हजारांचे काम केवळ बोनस जाईल या भीतीने खिशातून करणे हे शुद्ध नुकसान आहे. बोनस 50 टक्क्यांवर पोचलेल्या जुन्या गाडीचे गणित वेगळे असते, आणि तिथला सल्ला अनेकजण नव्या गाडीच्या मालकालाही देतात.

त्याबरोबर घसारा, म्हणजे भागांच्या जुनेपणापोटी क्लेममधून कापली जाणारी रक्कम, हाही पाहावा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, मग गाडी कालच घेतलेली का असेना. धातूच्या भागांवर पहिल्या सहा महिन्यांत घसारा नसतो, काचेवर तर कधीच नसतो. म्हणजे 8,000 रुपयांच्या बंपरमागे 4,000 आपले, शिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 आणि त्यापुढच्या गाडीला 2,000 रुपयांची सक्तीची कपात. झिरो डेप असेल तर प्रामुख्याने ही कपातच उरते. मात्र अनेक पॉलिसींत त्याचा लाभ वर्षातून दोनच क्लेमना मिळतो.

सर्व्हेपूर्वी काम सुरू करणे, आणि प्रत्येक पार्ट नवाच मागणे

सर्व्हेअरने, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याने, पाहण्यापूर्वी गाडी उघडली किंवा बाहेरच्या गॅरेजमध्ये टिंकरिंग करून घेतले, तर क्लेम अडकतो. अपघाताच्या जागी फोटो काढावेत, विमा कंपनीला लगेच कळवावे आणि बंपर खोलल्यावर आतले नुकसान निघाले तर पुरवणी एस्टिमेट मंजूर होईपर्यंत थांबावे. समोरच्याकडून दोन हजार घेऊन जागच्या जागी मिटवण्याची घाई नको, कारण आतले नुकसान तेव्हा कोणालाच दिसलेले नसते.

दरवाजा, बॉनेट, फेंडर हे बोल्टवर बसतात, ते बदलायला हरकत नाही. मागच्या चाकावरचा पत्रा मात्र बॉडीला वेल्ड केलेला असतो. तो लहानशा खड्ड्यासाठी कापून नवा बसवण्यापेक्षा डेंटिंग करून घेणे माझ्या मते केव्हाही चांगले, कारण कारखान्यातले वेल्डिंग आणि गंजरोधक थर वर्कशॉपमध्ये तसेच्या तसे परत मिळणे अवघड असते. कोकणच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

गाडी ताब्यात घेताना ती संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली घेऊ नये. उन्हात तिरके उभे राहून नव्या आणि जुन्या पॅनेलची रंगछटा ताडून पाहावी, चाकाला मार असल्यास अलाइनमेंटची (चाके सरळ रेषेत आहेत का याच्या तपासणीची) छापील प्रत घ्यावी आणि कोणते भाग बदलले, कोणते रंगवले हे लिहिलेले अंतिम बिल गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. पुढे गाडी विकताना किरकोळ अपघात खरोखरच किरकोळ होता याचा तोच पुरावा ठरतो.