दलदल आणि खडी: माउंटन बाइकचे टायर कसे निवडावेत

इंग्लंडमधलं शेफिल्ड शहर पश्चिमेला संपतं आणि पीक डिस्ट्रिक्टचे उघडे माळ सुरू होतात. हेदरची बुटकी झुडपं, अंगावर येणारा वारा, आणि पायाखाली काळी, ओलीगच्च पीट. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात मी खास चिखलाचे म्हणून अरुंद, टोकदार दात्यांचे टायर घेतले आणि लँगसेटहून कट गेटच्या वाटेला लागलो. एका काळ्या डबक्यात पुढचं चाक आसापर्यंत रुतलं, मी हँडलवरून पलीकडे. टायर चांगलाच होता. सगळा चिखल सारखाच, हे गृहीत धरलं ती चूक माझी.

पायरी १: चिखलाखाली काय आहे ते बघा

कोकणात चिखलणी केलेल्या खाचरात पाय पोटरीपर्यंत जातो आणि मग टणक जमिनीला टेकतो. दक्षिण इंग्लंडच्या रानवाटांवर बरेचदा असंच असतं. तिथे अरुंद टायर चिखल कापत खाली जातो आणि घट्ट थरात दात रोवतो. पीटचं तसं नाही. ती म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि झाडोऱ्याचा थर, वजनात जवळपास ९० टक्के पाणी. खोली कुठे वीतभर, तर कुठे दोन-तीन मीटर. अरुंद टायर तळ शोधत जातो आणि तळ सापडतच नाही. इथे टायर रुंद हवा, कमी हवेचा, वरच्या वर तरंगणारा.

तिसरी जात चिकण मातीची. पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल काढलेल्या मराठवाड्या-विदर्भातल्या माणसाला ती समजावून सांगायला नको. दहा पावलांवर चाक जाम, मडगार्डात काडी घालून चिखल काढायचा आणि पुन्हा दहा पावलं. तिथे रुंदीपेक्षा दात्यांमधलं अंतर महत्त्वाचं.

मग नकाशा घेऊन हिशेब करा. माझ्या नेहमीच्या २५ किलोमीटरच्या फेरीत खरी दलदल जेमतेम दोन किलोमीटर. बाकी हाउंडकर्क रोडसारखी खडी, वाळू आणि दगड. दोन किलोमीटरसाठी उरलेले २३ किलोमीटर जड टायर ओढण्यात शहाणपण नाही.

पायरी २: फ्रेममध्ये जागा मोजा

दुकानात जाण्याआधी करायचं काम. चाक बसवलेलं असताना टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये ६ मिमीची अ‍ॅलन की (षटकोनी दांड्याची किल्ली) सरकवून बघा, मागे आणि पुढच्या फोर्कमध्येही. ती अडत असेल तर आणखी रुंद टायरचा विचार सोडा. ओल्या माळासाठी मी १० मिमी जागा ठेवतो, कारण चिखलात हेदरच्या काड्या मिसळल्या की त्याचा अगदी कुडाचा गिलावा होतो.

टायरच्या कडेवरचा आकडाही वाचा. ६१-६२२ असेल तर पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा रिमच्या व्यासाचा. ६२२ म्हणजे २९ इंची, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस, ५५९ म्हणजे जुनं २६ इंची. दुकानदार इंचात बोलतो, पण फसगत टाळायची तर हेच आकडे जुळवा.

पायरी ३: पुढचा आणि मागचा टायर वेगळा निवडा

जोडी सारखीच हवी हा आग्रह कशासाठी, मला कळत नाही. पुढचं चाक घसरलं तर माणूस पडतो. मागचं घसरलं तर बहुतेक वेळा नुसती धांदल उडते. म्हणून पकड पुढे, वेग मागे.

पुढे २.४ ते २.५ इंची, उंच आणि विरळ दात्यांचा. श्वाल्बेचा मॅजिक मेरी किंवा मॅक्सिसचा शॉर्टी या जातीतले. दात्यांमध्ये करंगळी सहज बसली पाहिजे, म्हणजे चाक फिरताना चिखल आपोआप झडतो. पण नुसते सुळे असलेला अस्सल चिखलाचा टायर इथे नको, खडकावर ते दाते वाकतात आणि वळणावर सायकल लटपटते.

मागे २.३ ते २.४ इंची. मधले दाते बुटके आणि जवळजवळ, म्हणजे खडीवर चाक सुळकन पळतं. कडेचे दाते मात्र दणकट हवेत. श्वाल्बेचा नॉबी निक हे त्याचं सोपं उदाहरण. बसवताना कडेवरचा दिशेचा बाण बघा. घाईत उलटा बसवलेला टायर पुन्हा काढण्यासारखं कंटाळवाणं काम नाही.

पायरी ४: रबर आणि कड

पुढे मऊ रबर, मागे जरा कडक. श्वाल्बे हे रंगीत पट्टीने दाखवतं: नारिंगी मऊ, निळी मध्यम, लाल वेगाची. थंडीत रबर आणखी ताठर होतं, त्यामुळे हिवाळ्यात ही निवड जास्त जाणवते. पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तर भागाचा, म्हणजे डार्क पीकचा, ग्रिटस्टोन (एक प्रकारचा वालुकाश्म) खरखरीत, ओला असला तरी बऱ्यापैकी धरतो. पण दक्षिणेला व्हाइट पीकमध्ये उतरलात की चुनखडक लागतो, आणि घासून गुळगुळीत झालेला ओला चुनखडक म्हणजे शेवाळलेली विहिरीची पायरी. तिथे मऊ रबरही बेताचंच.

मागच्या टायरची कड जाड घ्या. धारदार दगडांचा मार मागच्याच चाकाला जास्त बसतो.

पायरी ५: हवा

टायरवर कितीही पैसे घाला, हवा चुकली की सगळं पाण्यात. ट्यूबलेस असेल आणि तुमचं वजन ७५ किलोच्या आसपास असेल, तर पुढे २१ आणि मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करा. ओळखीच्या दगडाळ तुकड्यावरून जा. प्रत्येक फेरीला एक पीएसआय कमी करा. ज्या फेरीला रिम दगडावर ठक्कन वाजेल, त्याच्या वर दोन पीएसआय हा तुमचा आकडा. ट्यूब असेल तर सुरुवातच चार-पाच पीएसआय वरून करा, नाहीतर रिमखाली चिमटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

मोजायला दर वेळी एकच गेज वापरा. आणि हे विसरू नका: घरात २० अंशांवर भरलेली हवा ५ अंशांच्या माळावर पोचेपर्यंत दीड-दोन पीएसआय उतरते. मी हिवाळ्यात सायकल अर्धा तास बाहेर ठेवून मगच मोजतो. शेजाऱ्यांना वाटतं, वाळत घातली आहे.

ट्यूबलेसमधलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. चाक कानाशी हलवा. खळखळ आली नाही तर ते वाळलंय.

पायरी ६: पहिली फेरी आणि मागचा चरा

इंग्लंडमध्ये १९६८च्या कायद्याने ब्राइडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठीही खुल्या वाटांवर, सायकलला परवानगी आहे, फुटपाथ म्हणून, म्हणजे फक्त पायी जाण्यासाठी, नोंदलेल्या वाटांवर तो हक्क नाही. घोडेस्वार आणि पायी जाणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं. दलदलीवर जिथे दगडी फरश्या अंथरल्या आहेत तिथे फरशीवरूनच जा, कडेने नको. पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढते. म्हणजे बोटभर खोल चरा पडला, तर तिथली काही दशकं उकरली गेली.

फरशी नसलेल्या ठिकाणी थोडं पुढे जाऊन उतरा आणि मागे वळून बघा. दात्यांचे ठसे नुसते उमटले असतील तर टायर आणि हवा बरोबर. पाणी भरणारी नाली पडली असेल तर सायकल खांद्यावर घ्या.