सेटिंगची फाईल: कोडला हात घालण्याआधीची तयारी

समजा, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरून वजन वाचून पावती छापणारा छोटा प्रोग्राम सी-मध्ये लिहायचा आहे. काटा कुठल्या पोर्टला जोडलाय, बॉड रेट (काट्याशी बोलण्याचा वेग) ९६०० की ४८००, पावतीवर दुकानाचं नाव काय, हे सगळं एका फाईलमध्ये असणार. एफओपन (फाईल उघडणारं सीचं फंक्शन) लिहायला बसण्याआधी ही एवढी तयारी करून घ्या.

आधी फाईलचं रूप ठरवा. एवढ्याशा कामाला जेसनसारखी कंस-अवतरणांची मांडणी नको. एका ओळीत एक नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत, जुन्या आयएनआय फाईलसारखं, पुरे होतं. दुकानदाराच्या पुतण्यालाही नोटपॅडमध्ये ते बदलता येतं. मग जागा. लिनक्सवर माणसागणिक सेटिंग घरच्या फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिगमध्ये जातात, सगळ्या मशीनसाठीच्या ईटीसी फोल्डरात. घरच्या फोल्डरसाठी वापरतात ते टिल्डचं चिन्ह (~) शेल (टाईप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) उलगडतं, एफओपन नाही. त्यामुळे होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टमने प्रोग्रामला दिलेली नोंद) वाचून पूर्ण पाथ स्वतः जोडायचा. आणि फाईल नसेलच तर? पहिल्या दिवशी ती नसतेच. प्रत्येक सेटिंगची मूळ किंमत कोडमध्ये आधी भरून ठेवा आणि फाईल वाचताना तिच्यावर नवी चढवा.

वाचताना एफगेट्सने ओळ घ्यायची. ती शेवटचं न्यूलाईन (ओळ संपल्याची खूण) सोबत आणते आणि विंडोजवर लिहिलेली फाईल लिनक्सवर आली की त्याच्या आधी कॅरेज रिटर्न ही दुसरी खूणही असते. दोन्ही खरवडून काढा, नाहीतर पोर्टचं नाव दिसायला बरोबर दिसतं आणि पोर्ट काही उघडत नाही. जुन्या नोटपॅडने यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) म्हणून जतन केलेल्या फाईलच्या तोंडाशी तीन न दिसणारे बाइट असतात. पहिलंच नाव जुळत नसेल तर तिथे बघा. आकड्यांसाठी एटॉय (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) वापरू नका. ‘९६००’ असं देवनागरीत कुणी लिहिलं तर ते गुपचूप शून्य देतं आणि काटा का बोलत नाही हे शोधण्यात दुपार जाते. तेच काम करणारं स्ट्रटॉल आकडा कुठे संपला ते दाखवतं. तो सुरूच झाला नसेल किंवा पुढे काही शिल्लक असेल, तर फाईलचं नाव आणि ओळीचा क्रमांक देऊन तक्रार करा.

आता मराठीची गोष्ट. इंग्रजी उदाहरणांवर शिकलेला माणूस इथे हमखास आपटतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना आणि वेलांटीसुद्धा, तीन बाइट खातं. मी नावाला ३२ बाइटचा बफर (मजकूर ठेवायची जागा) दिला होता, म्हटलं भरपूर झालं. फाईलमध्ये होतं ‘किराणा भुसार’. ‘किराणा’चे १८ बाइट, जागेचा एक, ‘भुसार’चे १५, असे ३४. बफरात मजकूर भरणाऱ्या एसएनप्रिंटएफने इमानेइतबारे पहिले ३१ ठेवले, शेवटी शून्य लावलं, आणि पावतीवर छापून आलं ‘किराणा भुसा’. दुकानदार हसला हे माझं नशीब. बफर मोठा ठेवा, शिवाय एसएनप्रिंटएफने परत दिलेला आकडा बफरइतका किंवा मोठा असेल तर नाव कापलं गेलं असं समजा. मोकळी जागा ओळखणाऱ्या इझस्पेसला कॅरॅक्टर देतानाही तो अनसाइन्ड (ऋण न होणारा) करून द्या, कारण एरवीच्या पीसीवर सीचा साधा ‘चार’ (कॅरॅक्टरचा प्रकार) साइन्ड, म्हणजे ऋण होऊ शकणारा, असतो, देवनागरीचा बाइट त्यात ऋण निघतो आणि तिथून पुढे काय होईल याची हमी सी देत नाही.

वाचण्याची चूक दुरुस्त करता येते, लिहिण्याची फाईलच घालवते. ‘डब्ल्यू’ मोडमध्ये एफओपन केल्याक्षणी जुना मजकूर शून्य होतो, नवा अजून लिहिलेलाही नसतो. तेवढ्यात लाईट गेली की संपलं. म्हणून त्याच फोल्डरात वेगळ्या नावाने नवी फाईल लिहा, एफफ्लश करा (बफरातलं सिस्टमकडे जातं), एफसिंक करा (सिस्टमकडचं डिस्कवर जातं), बंद करा आणि मग रीनेमने जुन्याच्या जागी बसवा. टेम्प फोल्डरात लिहू नका. ते वेगळ्या फाईलसिस्टमवर (डिस्कवर फाईली मांडणारी व्यवस्था) असलं तर रीनेम नकार देतं. विंडोजवर जुनी फाईल जागेवर असताना साधं रीनेम चालत नाही, तिथे मूव्हफाईलएक्स या फंक्शनला ‘बदलून टाक’ असं सांगावं लागतं. एफसिंक गाळायचा मोह होतो. २००९ मध्ये ईएक्सटी४ ही लिनक्सची फाईलसिस्टम नवी असताना मशीन अचानक बंद पडलं की अनेकांच्या डेस्कटॉपच्या सेटिंग शून्य बाइटच्या झाल्या, त्या याच मोहापायी. पुढे लिनक्सच्या कर्नलने (गाभ्याने) अशा प्रोग्रामांना थोडं सांभाळून घेतलं, पण त्या भरवशावर राहू नका.

प्रोग्रामने फाईल पुन्हा लिहिली की पुतण्याने हाताने लिहिलेल्या टिपा उडतात. त्या जपायच्या असतील तर आलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी आठवणीत ठेवावी लागेल. मला विचाराल तर दोन फाईली करा, माणसाची एक आणि प्रोग्रामची एक.

राहिली चाचणी. लिनक्सवर डेव्ह फोल्डरात ‘फुल’ नावाचं एक उपकरण असतं, त्यात काहीही लिहिलं की डिस्क भरल्याची चूक परत येते. लिहिणारं फंक्शन एकदा त्याच्यावर सोडा. मजकूर लिहिणारं एफप्रिंटएफ बहुतेक वेळा ‘झालं’ म्हणेल, कारण मजकूर अजून बफरातच आहे. चूक उघडी पडते एफफ्लश किंवा एफक्लोजला. त्यांचं उत्तर न बघता रीनेम करत असाल तर धडधाकट जुन्या फाईलवर अर्धवट नवी बसते.