बागेच्या तळ्यावरचे हंस डोईजड झाले तर

शोभेसाठी बागेच्या तळ्यात हंसांची जोडी सोडली जाते. काही वर्षांत जोडीचा कळप होतो, लॉनवर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि झोपाळ्याकडे निघालेल्या पोरांच्या अंगावर मान लांब करून नर धावून येतो.

आधी पक्षी ओळखा. पांढरे, नारिंगी चोचीचे, किंवा तपकिरी आणि चोचीच्या मुळाशी टेंगूळ असलेले जाडजूड पक्षी पाळीव. शीळ घालत उडणारी अडई, चोचीचं टोक पिवळं असलेलं हळदी-कुंकू बदक, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हे रानपक्षी. त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांच्या घरट्याला, अंड्यांना हात लावायचा नाही. काही शंका असली तर वन विभागाला विचारा. इथून पुढचं सगळं फक्त पाळीव हंसांपुरतं.

फटाके, कुत्री, चमकत्या फिती यांवर पैसे घालवू नका. हे उपाय उडून दुसरीकडे जाणाऱ्या रानहंसांसाठी आहेत. पाळीव हंस जड. तो फार तर दचकून तळ्यात उतरतो आणि दहा मिनिटांत परत वर येतो. त्याला जायला दुसरं ठिकाणच नाही. म्हणून हात घालायचा तो तीन गोष्टींना: खाणं, काठ आणि अंडी.

खाणं सर्वांत आधी. पाव, कुरमुरे, शेव मिळते तोवर बाकीचं सगळं पाण्यात. नुसत्या ‘खाऊ घालू नये’ या पाटीने कोणी ऐकत नाही. कारण लिहा, ‘पावाने पक्षी आजारी पडतात आणि माणसांच्या अंगावर येतात’. फाटकाबाहेरच्या कुरमुरेवाल्याशीही बोला. रविवारी संध्याकाळी रखवालदार तळ्याकाठी हवा.

मग काठ. हंसाला आखूड, कोवळं गवत आवडतं आणि पाण्यातून सरळ चालत वर येता येईल असा उतार लागतो. तळ्याकडेचा दोन-तीन मीटरचा पट्टा कापूच नका. जूनमध्ये पहिला पाऊस स्थिरावला की तिथे वाळ्याचे ठोंब १५ सेंटीमीटरवर एक, अशा दोन ओळी लावा. दाट, उंच झुडपापलीकडचं दिसत नाही, म्हणून हंस त्यातून जायला कचरतो. वाळा वाढेपर्यंत ६० ते ७५ सेंटीमीटर उंचीचा बांबूचा कूड किंवा चिऱ्यांचा गडगा पुरे. बंदरावरचं जुनं जाळं फुकट मिळतं, पण ते ढिलं लावलं तर माना-पाय अडकून पक्षी मरतात. तो मोह टाळा. काठ पूर्ण बंदही करू नका. खेळण्यांपासून लांब एक-दोन मीटरची वाट मोकळी ठेवा, नाहीतर पिल्लांना पाण्याबाहेर येता येत नाही.

खरी मेख अंड्यांत आहे. हंस वीस-वीस वर्षं जगतो, त्यामुळे कळप आपोआप घटेल या भरवशावर राहू नका. मादी झुडपाखाली पालापाचोळ्यात साधारण दिवसाआड एक अंडं घालते आणि उबवणीला २८ ते ३० दिवस घेते. घरटं रिकामं केलं तर ती पुन्हा घालायला लागते. नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते. म्हणून अंडी काढून न नेता तिथेच निकामी करायची. एकाने छत्री उघडून नराला अडवावं, दुसऱ्याने हातमोजे घालून अंडी बादलीभर पाण्यात सोडावीत. बुडालं ते ताजं. तरंगलं तर आत पिल्लू बरंच वाढलेलं आहे, ते तसंच परत ठेवा. बुडालेलं पुसून, पेन्सिलीने खूण करून, सगळीकडून खाद्यतेल चोळा आणि घरट्यात ठेवा. कवचाची छिद्रं बुजतात, वाढ थांबते आणि मादी मात्र बसून राहते. तेल सूर्यफुलाचं घ्या. खोबरेल हिवाळ्यात पहाटे थिजतं आणि चोळताना जागा सुटतात. चार-पाच दिवसांनी परत जा, बिनखुणेची नवी अंडी असतील.

विष्ठा सुकी झाडू नका, धूळ नाकात जाते. पाणी मारून, खरवडून काढा आणि सुक्या पाल्यात मिसळून कुजवा. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ आणि त्यावर ही घाण म्हणजे घसरगुंडीच, तेव्हा पायवाट रोज धुवावी लागते.

नर अंगावर आला तर पाठ फिरवून पळू नका, तो हमखास मागे लागतो. लहान मुलाला उचला, नराकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका, हात पसरा. काठी-दगड मारणं तर प्राणी क्रूरता कायद्याखाली गुन्हा आहे.

तरीही संख्या जास्त वाटली तर नगरपालिकेची लेखी परवानगी घेऊन काही पक्षी नारळी-पोफळीच्या वाडीत द्या. गवत खायला त्यांना तिथे भरपूर असतं. आजारी पक्षी हलवू नका, मरतुक दिसली तर पशुसंवर्धन विभागाला कळवा. पकडायचं ते पहाटे: दोन बाजूंनी उभी जाळी धरून कळप कोपऱ्यात आणा, पंख अंगाशी दाबून पोटाखाली हात घाला. मानेला किंवा पायाला धरून उचलू नका. हवेशीर क्रेटमध्ये भरून ऊन चढायच्या आत पोचवा. जोडी तोडू नका. एकटा उरलेला नर दिवसभर कलकलाट करतो. आणि रात्री गुपचूप खाडीकाठी सोडून येण्याचा विचार असेल तर तो सोडा, कुत्री आणि कोल्हे सकाळपर्यंत एकही ठेवणार नाहीत.