आदिमानव ते हडप्पा: अभ्यास करताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आधी माकड, मग आदिमानव, मग शेतकरी, मग नदीकाठचं शहर अशी एक सरळ लाइन डोक्यात फिट करून टाकणं. ती एकामागे एक चालणाऱ्या माणसांची रांग दाखवणाऱ्या चित्राने खरंच वाट लावलीये. अहो, आपण आजच्या माकडांपासून आलेलो नाही, दोघांचा पूर्वज कॉमन होता. आणि एक मानव संपला मग दुसरा आला असंही नाही, मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदला होमो सेपियन्सचे, म्हणजे आपल्याच जातीच्या माणसाचे, ३ लाख वर्षांपूर्वीचे अवशेष मिळालेत आणि निअँडरथल ही मानवाची दुसरी जात युरोपात साधारण ४० हजार वर्षांपूर्वीपर्यंत होती, म्हणजे कितीतरी काळ दोघंही होतेच.

"शेती नदीकाठी सुरू झाली आणि लगेच शहरं वसली" हे तर उत्तरात लिहूच नका. पश्चिम आशियात शेती आधी आली ती डोंगरउताराच्या, पाऊस पडणाऱ्या भागात, कारण रानटी गहू आणि जव तिथेच उगवायचे. आपल्याकडे मेहरगढ बघा, बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी, सिंधूच्या मुख्य पात्रापासून बरंच लांब, काळ साधारण इ.स.पू. ७०००. हडप्पा-मोहेंजोदडोची भरभराट इ.स.पू. २६०० च्या पुढची. मधली चार-साडेचार हजार वर्षं कुठे गेली? लोक गावातच राहत होते की! मग शहरं मोठ्या नद्यांकाठी का, तर दक्षिण इराकमध्ये पाऊस इतका कमी की कालव्याशिवाय पीक नाही, पण पाणी मिळालं की गाळाची जमीन भरपूर पिकते, आणि धान्य उरलं तरच कुंभार, लेखनिक, पुजारी पोसता येतात. नदी असली की शहर होतंच असं मात्र नाही.

सनांचा घोळ होतोय? इ.स.पू. मध्ये आकडे उलटे चालतात, २६०० आधी आणि १९०० नंतर. रिपोर्टमध्ये "आजपासून ४५०० वर्षांपूर्वी" असं कॅलिब्रेट केलेलं (म्हणजे खऱ्या वर्षांत दुरुस्त केलेलं) कार्बन डेटिंग असेल तर तिथला "आज" म्हणजे १९५० साल, त्यामुळे १९५० वजा करा, उत्तर इ.स.पू. २५५०. लोक चालू वर्ष वजा करतात आणि गंडतात.

हडप्पाची शहरं का संपली? आर्यांनी मोहेंजोदडोत कत्तल केली हे पुरातत्त्वज्ञ व्हीलरचं मत अजून नोट्समध्ये फिरतंय, पण तिथे सापडलेले सांगाडे एकाच वेळचे नाहीत हे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्सने १९६४ मध्येच दाखवलं. पाऊस कमी होणं, नद्या बदलणं, लोक हळूहळू पूर्वेकडे छोट्या गावांत जाणं, असं लिहा.

आता आपलं दायमाबाद, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी. ते ऐन भरातल्या हडप्पा काळातलं शहर समजू नका, तिथला हडप्पा थर उत्तरकाळातला, म्हणजे शेवटच्या टप्प्यातला आहे आणि त्यावर पुढे माळवा, जोर्वे या नंतरच्या संस्कृतींचे थर आहेत. ते प्रसिद्ध ब्रॉन्झचे रथ, हत्ती, गेंडा, म्हैस १९७४ मध्ये गावातल्या एका माणसाला झाडाचं मूळ खणताना मिळाले, शास्त्रीय उत्खननात नाही, त्यामुळे त्यांच्या काळावर वाद आहे. इनामगाव तर वेगळंच, घोड नदीकाठची ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरणारी) शेतकरी वस्ती, तिला हडप्पाच्या यादीत घुसवू नका.