ड्रेसाजमध्ये घोड्याचं अंग भरतंय की नुसतं तसं वाटतंय? या चुका टाळा

2023च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्या चौघांनी ड्रेसाजचं, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने ठरावीक चाली अचूक करून दाखवण्याच्या खेळाचं, सांघिक सुवर्ण जिंकलं. त्यात मुंबईचा हृदय छेडा होता, आणि अनुष अगरवालाने तर वैयक्तिक ब्राँझही घेतलं. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या क्लबांत ड्रेसाजची विचारपूस करणारे भेटतात, याचा आनंदच आहे. वैताग येतो तो त्यांच्या घाईचा. पदक जिंकणारी ती मुलं युरोपात वर्षानुवर्षं घासत होती, हे कुणी लक्षात घेत नाही. इथे रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) आणायचा, चार महिने गोल गोल फिरवायचा आणि फोनवरचे दोन फोटो दाखवून विचारायचं, "मसल आलेत ना?"

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ग्रां प्री, म्हणजे ड्रेसाजच्या सर्वोच्च पातळीवर उतरायला घोडा किमान 8 वर्षांचा लागतो. हा आकडा कुणी उगाच ठरवलेला नाही. घोड्याच्या पायांची हाडं लवकर पक्की होतात, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला साडेपाच-सहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. आणि आपण बसतो नेमके तिथेच.

फोटो कसेही काढणं

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक हीच. एक तरुण मालक, नव्यानेच घेतलेला तपकिरी खच्ची घोडा, आणि दीड महिन्याच्या अंतराने काढलेले दोन फोटो. पहिल्यात घोड्याची पाठ खोलगट, मान बारीक, पोट लोंबतंय. दुसऱ्यात मान भरलेली, पाठ गोल, अंगावर तकाकी. पोरगा खूश. मी फोटो नीट पाहिले. पहिला सकाळचा, उतारावर उभं करून काढलेला. घोड्याचं डोकं वर, कारण पलीकडून घोडी चालली होती, आणि एक मागचा पाय बराच मागे सुटलेला. दुसरा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, आंघोळीनंतर, डोकं बादलीत.

त्याला म्हटलं, घोडा बाहेर काढ. सिमेंटच्या सपाट ओट्यावर उभा केला, डोकं वर असताना एक फोटो काढला. मग सईसमामांनी (घोड्याची देखभाल करणारे) गाजर खाली धरलं, घोड्याने मान खाली केली, दुसरा काढला. मिनिटभरात तोच चमत्कार! मामा हसून म्हणाले, "दादा, घोडं तेच हाय, मान तेवढी खाली घातलीय." डोकं खाली गेलं की मानेपासून पाठीवरून जाणारा पट्टा ताणला जातो, पाठ उचलल्यासारखी दिसते. त्यात स्नायूंचा काही संबंध नाही. पोराने तरीही जुनेच दोन फोटो ग्रुपवर टाकले, आणि पन्नास जणांनी अंगठा दाखवला.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. महिन्यातून एकदा, त्याच ओट्यावर, सकाळी कामाच्या आधी, अंग कोरडं असताना. चारी पाय शक्य तितके चौकोनात, मान नैसर्गिक उंचीवर. फोन घोड्याच्या पोटाच्या मध्याच्या उंचीवर धरायचा, म्हणजे गुडघ्यावर बसायचं, आणि बरंच मागे जाऊन काढायचा. जवळून काढला की समोरचा भाग फुगतो. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून. आणि पाचवा फोटो, जो कुणीच काढत नाही: घोड्याच्या मागे, लाथेच्या टप्प्याबाहेर, स्टुलावर उभं राहून पाठीच्या रेषेवरून खांद्यांकडे. पुढे माणसाने घोडा धरलेला हवा. दोन्ही खांदे सारखे आहेत का, पाठीचा एक भाग जास्त उचललेला आहे का, हे या एका फोटोत कळतं. माणसासारखाच घोडाही डावरा किंवा उजवा असतो. एक खांदा थोडा मोठा असणं नवल नाही. महिन्यागणिक तो आणखी मोठा होत असेल, तर तुम्ही त्याला एकाच दिशेला वळवून जास्त काम करवताय.

मान वाकली म्हणजे घोडा तयार झाला

नाही. मान वाकवायला दोरी पुरते. ड्रॉ रेन (डोकं खाली ओढून धरणारे जादा लगाम) लावले की आठवड्यात घोडा हनुवटी छातीला लावतो आणि लांबून बघणाऱ्याला 'फ्रेम', म्हणजे मानेची सुबक कमान दिसते. ड्रेसाजमध्ये मानेचा सर्वात उंच बिंदू कानांमागे टाळूवर हवा आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे. ओढून वाकवलेल्या मानेत उंच बिंदू बराच मागे, मानेच्या मध्याकडे सरकतो. कालांतराने विदर्सच्या (मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा) पुढे खळगा पडतो आणि मानेचा खालचा स्नायू दोरखंडासारखा फुगतो. मालक तोच कौतुकाने थोपटत असतो.

घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. त्याची छाती दोन खांद्यांच्या मधे निव्वळ स्नायूंच्या आधारावर लटकलेली असते. चांगल्या कामाने हे स्नायू बळकट होतात, छाती वर उचलली जाते, विदर्स वर आल्यासारखे वाटतात. म्हणून मी मानेकडे शेवटी बघतो. आधी विदर्सच्या मागची जागा, मग पाठ, मग मागच्या मांड्या. ड्रॉ रेनबद्दल माझं मत विचारू नका, छापण्याजोगं नाही.

खोगीर वर्षभर तेच

एक लाल घोडी आठवते. विदर्सच्या मागे दोन्ही बाजूंना मूठ मावेल असे खळगे. विकणाऱ्याने सांगितलेलं, "थरोब्रेडची पाठ अशीच असते." मालकीणबाईंना वाटलं, अंग उतरलंय. त्यांनी चंदी (धान्याचा खुराक) वाढवली. घोडीचं पोट सुटलं, शेपटीच्या मुळाशी चरबी आली, ती उधळायला लागली, खळगे मात्र तसेच. मग कुणीतरी सल्ला दिला की खोगिराखाली जाड पॅड घाला. एक घातलं, मग दुसरं. चावणाऱ्या बुटात जाड मोजा घालावा तसा प्रकार. खोगिराचा सांगाडा आधीच अरुंद, पॅडने तो आणखी आवळला, आणि ज्या स्नायूने तिथे वाढायचं त्याच्यावरच रोज माणसाचं वजन.

मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून ड्रॉइंगवाल्यांची वाकणारी पट्टी आणतो. ती घोड्याच्या पाठीवर आडवी दाबून बसवायची आणि तो आकार तसाच कागदावर गिरवायचा. तीन ठिकाणी: खांद्याच्या पात्यामागे दोन बोटं, पाठीच्या मध्ये, आणि शेवटच्या, म्हणजे अठराव्या बरगडीजवळ. कागदावर तारीख आणि डावं-उजवं लिहायचं. या घोडीचा पहिलाच कागद पाहून बाई गप्प झाल्या. अगदी उलट्या व्हीचा आकार, आणि डावीकडचा उतार उजवीपेक्षा खोल.

खोगीर उतरवलं. बरेच आठवडे नुसतं हाताने चालवणं, हलक्या चढावर, लांब लगामांवर, जमिनीवरच्या दांड्यांवरून. चंदी कमी केली, लसूणघास वाढवली, कारण स्नायूला चांगली प्रथिनं लागतात आणि ती नुसत्या धान्यातून पुरत नाहीत. पावसाळा संपेपर्यंत कागदावरचा व्ही रुंद व्हायला लागला होता. मग रुंद सांगाड्याचं खोगीर आलं. काही महिन्यांनी बाईंचा फोन: "हेही आता घट्ट होतंय, पैसे वाया गेले का?" वाया कसले, पाठ भरतेय! कामात असलेल्या तरुण घोड्याचं खोगीर तीन-चार महिन्यांनी तपासावंच लागतं. ज्यांना हा खर्च जड वाटतो त्यांनी सायकल घ्यावी.

बाकीच्या, थोडक्यात

वजनाच्या आकड्यावर विसंबणं. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, भागिले 11,880, असं अंदाजी वजन किलोत निघतं. घेर 180 आणि लांबी 160 असेल तर साधारण 436 किलो. सूत्र उपयोगी आहे, पण चरबी जाऊन स्नायू आले तर आकडा जागचा हलत नाही. मी तो जंताच्या औषधाचा डोस ठरवायला वापरतो.

घोड्याच्या अंगाला 1 ते 9 गुण देतात, त्यांना स्नायूंचे गुण समजणं. 1983ची हेनेके पद्धत चरबी मोजते. 7 गुणांचा घोडा गुबगुबीत असतो, तयार नव्हे. शंका आली तर बोटाने दाबा: चरबी लिबलिबीत लागते, स्नायू भरीव.

दर आठवड्याला मोजणं. आठवड्यात फक्त पोट बदलतं, तेही गवतामुळे.

दम वाढला म्हणून काम वाढवणं. दम काही आठवड्यांत येतो, स्नायूंना महिने लागतात, कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं त्यांच्याही मागून येतात. चकचकीत मांड्या बघून कलेक्शन (मागच्या पायांवर भार घेऊन अंग गोळा करून चालणं) मागणारे लोक नंतर सुजलेले पाय बर्फात ठेवून बसतात.

नोंद फक्त चांगल्या दिवसांची ठेवणं. नालबंद कधी आला, खुराक कधी बदलला, घोड्यावर कोण बसलं, किती दिवस सुट्टी गेली, हे नसेल तर फोटोतून काही उलगडत नाही. शंभर पानी वही पुरते. विश्रांतीतली नाडीही लिहा, मिनिटाला 28 ते 44 च्या मधे असावी.

आणि शेवटची, जिथे थांबायचं ते न कळणं. स्नायू हळू येतात आणि साधारणपणे हळूच जातात. एका बाजूची मांडी किंवा खांदा काही दिवसांत बसल्यासारखा दिसला, पाठीला खरारा लावताना घोडा दचकून खाली दबू लागला, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला आला, तर व्यायाम बदलून बघत बसू नका. त्या दिवशी खोगीर घालायचं नाही, आधी पशुवैद्याला बोलवायचं. त्यांना महिनावारी फोटो आणि पाठीचे कागद दाखवा, उगाच तोंडी वर्णन करत बसावं लागत नाही.